बोटावरची साय

हे मृणालला माहीत नाही. बायको आहे ती माझी. तेवीस वर्षांचा संसार आहे आणि माझ्या रक्तातल्या साखरेपासून ऑफिसातल्या हेव्यादाव्यांपर्यंत सगळं तिला ठाऊक असतं — एवढं सोडून. रेवाला, आमच्या मुलीला, तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बघा, सुरुवातच कशी भेकड आहे.

गोष्ट एका मांजराच्या पिल्लाची आहे. हसा खुशाल. मीही हसायचो — आणि तेही चांगलं हसणं नव्हतं.

रेवा तेरा वर्षांची होती. आम्ही अमेरिकेत, बॉथेलला, या घरात नुकतेच राहायला आलो होतो. तिने बेवारशी प्राण्यांच्या शेल्टरमधून पिल्लू आणलं. पांढरं, काळं, नारिंगी, सगळं एकत्र कालवल्यासारखं, म्हणून तिने नाव ठेवलं मिसळ. पहिल्या आठवड्यातच मिसळचं पोट बिघडलं. बिघडलं ते बिघडलंच. एक दिवस बरं, तीन दिवस पाण्यासारखं. लिटर बॉक्सपर्यंत, म्हणजे तिच्या शीच्या डब्यापर्यंत, पोचली तर पोचली, नाहीतर लाँड्री रूम, जिना, कार्पेट. सगळ्या घराला एक आंबूस वास असायचा, आणि त्या वासात मी टाय बांधून चहा प्यायचो आणि मनात म्हणायचो, काय हे एकेकाचं नशीब.

मला त्या सगळ्या प्रकाराची घृणा होती. पिल्लाची तर होतीच, पण त्याहून जास्त त्याच्याभोवती चाललेल्या सोहळ्याची. आमच्या कऱ्हाडच्या घरी मांजरं यायची, दूध प्यायची, जायची. त्यांना डॉक्टर नव्हते. इथे मांजराची विष्ठा डबीत भरून तपासायला न्यायची! प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई मिसळला ‘मायसल’ म्हणायच्या आणि इतक्या हळुवार आवाजात बोलायच्या, की आपण अतिदक्षता विभागात उभे आहोत असं वाटावं. त्यांनी सशाच्या मांसाचे डबे दिले. ते लागू पडले नाहीत म्हणून बदकाचे. आमचं घर शाकाहारी. मृणालने डबे गॅरेजमध्ये ठेवले, वेगळा चमचा दिला आणि रेवाला बजावलं, “तो चमचा माझ्या सिंकमध्ये दिसला ना, तर तू आणि तुझी मिसळ दोघी गॅरेजमध्ये.” रेवा हसली होती. त्या दोन महिन्यांत ती हसल्याचं मला एवढंच आठवतं.

बाकी वेळ ती राबत होती. शाळेतून आली की आधी पिल्लाला टॉवेलमध्ये गुंडाळायचं, जबड्याच्या कडेने औषधाची पिचकारी आत सरकवायची. हातांवर ओरखडे. एका वहीत रोजची नोंद — काय खाल्लं, किती वाजता, शी कशी झाली. शाळेच्या कॅम्पला सगळा वर्ग गेला, ही गेली नाही. मिसळला औषध कोण देणार? मी वही उघडून तिची चेष्टा करायचो. “संशोधन कुठवर आलं, मॅडम?” ती मान वर न करता म्हणायची, “बाबा, प्लीज.”

आता — आता सांगतो.

घरात सर्वांत आधी मी उठतो. दूध तापवणं हे माझं काम. इथलं दूध तापवायची गरज नसते, हे मला कळतं. तरी तापवतो, आणि मृणाल मुद्दाम काचेच्या बाटलीतलं, जाड साय धरणारं दूध आणते. ती साय आदल्या दिवसाच्या थंड दुधावरून काढायची, वाटीत साठवायची, वाटी भरली की विरजण, मग लोणी, मग तूप. इतक्या वर्षांत आमच्याकडे बाहेरचं तूप आलेलं नाही. याचा मला कोण अभिमान!

मिसळ आली त्या आठवड्यात, एका सकाळी मी साय काढत असताना ती माझ्या पायाशी येऊन बसली. मी बोटावर थोडी घेतली आणि बोट खाली केलं. तिने चाटलं. खरखरीत, गरम जीभ. बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती आधीच येऊन बसली होती. तिसऱ्या दिवशी मी जिना उतरताना तिने आवाज दिला. दिवसभर जिच्याबद्दल मी नाक मुरडायचो, ती पहाटे माझी वाट बघायची — रेवाची नाही, माझी. त्या घरात तेव्हा माझी वाट बघणारं दुसरं कोण होतं? पण हे कारण देऊन मी काही मिळवू पाहत नाहीये. बोटावरची चिमूटभर साय हळूहळू चमचाभर झाली, मग बशीभर. कोणाची पावलं वाजली की मी बशी धुवून टाकायचो. चांगलंच करत असतो, तर बशी कशाला धुतली असती?

तिसऱ्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरातलं काही देता का? टेबलावरचं काही? दूध, चीज? पुष्कळ मांजरांना दूध पचत नाही, त्यानेच असं होतं, असंही त्या म्हणाल्या. रेवाने वही छातीशी धरून सांगितलं, “नो, नेव्हर.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, “नो. नथिंग.”

एक क्षणही लागला नाही मला. आणि त्याच क्षणी मला सगळं कळलेलं होतं. अज्ञान होतं, असं म्हणायची सोय तिथेच संपली.

मी साय बंद केली. चार दिवस. त्या चार दिवसांत मिसळचं पोट ठीक झालं. रेवाने वहीत चार तारे काढले, पिवळे, आणि धावत येऊन मला दाखवले. “बाबा, लुक! डक वर्क्स!” बदक लागू पडलं म्हणे. मी म्हणालो, “वा.”

पाचव्या सकाळी मिसळ माझ्या पायाला अंग घासत ओरडत राहिली. माझ्या मनात काय आलं, सांगू? की ती बाई बरोबर ठरणार. ती हळू आवाजातली बाई, तिचं बदक, ते डबे, सगळं बरोबर, आणि कऱ्हाडच्या दारात शंभर मांजरं पाहिलेला मी चूक. मी बशी भरली. माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीवर.

दुपारी जिन्यात पुन्हा घाण. रेवा वही घेऊन जिन्यातच बसली. सकाळी डब्यातल्या खाण्याचा चमचा सपाट घेतला की भरून, हे तिला आठवत नव्हतं. चूक तिथेच झाली, असं तिने ठरवलं. लिहूनही ठेवलं — ‘माय मिस्टेक.’ मी तिच्या बाजूने पाय टाकून वर गेलो.

मधल्या काळात एकदा मृणाल म्हणाली, “हल्ली वाटी लवकर भरत नाही रे. दूध पातळ आलंय का?” मी म्हणालो, “हो, दर्जा उतरलाय.” दुधावरही आळ घेतला मी!

मग तो शनिवार. इथल्या मराठी मंडळातली चार माणसं जेवायला आली होती. आमटीची दुसरी फेरी चालू असताना मिसळने बैठकीतल्या गालिच्यावर, सगळ्यांच्या देखत, घाण केली. एक काकू पदर नाकाला लावत म्हणाल्या, “अगं बाई, हे रोजचंच का?” मला लाज वाटली. लाज वाटली की मी काय करतो, ते ऐका.

“झेपत नव्हतं तर आणलंस कशाला?” मी रेवावर ओरडलो. “एवढंसं मांजर सांभाळता येत नाही तुला!”

काका म्हणाले, “जाऊ दे रे, लहान आहे ती.” रेवा फडकं घेऊन आली. गुडघ्यांवर बसून तिने गालिचा पुसला. सकाळची बशी मी स्वतः धुतली होती, आणि आता तिच्या मागे उभा राहून सांगत होतो, “तिथे राहिलंय बघ.”

रविवारी रेवा म्हणाली, मिसळ कोणाला तरी देऊ या. माझ्याकडे ती मरून जाईल. रस्त्याच्या टोकाला एक म्हाताऱ्या बाई राहायच्या, बार्बरा, त्या तयार झाल्या. रेवाने बदकाचे डबे, औषध आणि वही, सगळं एका पिशवीत घालून त्यांना दिलं. मी गाडी चालवली. शंभर पावलांवरच्या घरी गाडी! पिल्लाला मांडीवर घेऊन ती नीट बसू शकेल, इतकी दया मी दाखवली.

तीन आठवड्यांनी बार्बराबाई भेटल्या. मिसळ ठणठणीत होती, गोल झाली होती. रेवाने विचारलं, तुम्ही वेगळं काय केलंत? त्या म्हणाल्या, काहीच नाही, हनी, तू लिहून दिलंस तसंच सगळं केलं. त्यांना तिचं कौतुक करायचं होतं. पण रेवाचा चेहरा मी पाहिला. तेच अन्न, तेच औषध, तीच वही. बदललं होतं फक्त माणूस.

तोच क्षण होता. मी शेजारीच उभा होतो. मी हवेबद्दल काहीतरी बोललो.

त्या महिन्यात मृणाल म्हणाली, “आता दूध चांगलं यायला लागलं हं.”

रेवा आता एकोणीस वर्षांची आहे, दुसऱ्या गावी शिकते. लहानपणी प्राण्यांची डॉक्टर व्हायचं म्हणायची. तेराव्या वर्षानंतर ते पुन्हा निघालं नाही. तिने विचार का बदलला, हे मी कधीच विचारलं नाही. उत्तर मिळेल, या भीतीने.

गेल्या रविवारी तिचा फोन आला होता. तिच्यासोबत राहणाऱ्या मैत्रिणी घरात मांजर आणणार होत्या, ही एकटी नको म्हणाली. मी विचारलं, का गं? ती अगदी सहज म्हणाली, उंची किंवा बुटाचं माप सांगावं तशी, “आय ॲम जस्ट नॉट गुड विथ लिव्हिंग थिंग्ज, बाबा. तुम्हाला माहितीये ना.”

माझ्यासमोर ओट्यावर सायीची वाटी होती. काठोकाठ भरलेली.

मी म्हणालो, “हो. सगळ्यांना नाही जमत ते.”