सोनाळ्याची कार्डं

हे मी आजवर कोणाजवळच बोलले नाही — नवऱ्याजवळही नाही. तुम्हाला सांगते. क्रमाने सांगते, मला तशीच सवय.

महाराष्ट्र नवा होता तेव्हा मी खामगावकडच्या एका दवाखान्यात रेकॉर्ड सांभाळायची. जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं एक कार्ड. देवीची लस टोचली की त्याच नावाचं दुसरं. दुसरं कार्ड कोणाचं नाही, हे शोधणं माझं काम. पट्टी लावून नावं जुळवता जुळवता आठवडा जायचा.

मग माझ्या मदतीला शांता इंगळे आली. ती आधी प्रश्न कागदावर लिहायची — लसीचं कार्ड नाही असं जन्माचं कार्ड कोणतं? मग टेबलावर जन्माची कार्डं मांडून प्रत्येकावर लसीचं ठेवायची. उघडी राहिली ती सुटलेली मुलं. चहाआधी गाव संपलं!

"बाई, तुम्ही काऊन इतका जीव आटवता?" ती हसली. डॉक्टरही हसले. काम तिला दिलं.

इतकं सोपं — मला का सुचलं नाही? मला तिच्या वेणीचासुद्धा राग यायला लागला.

सोनाळा गावाची पाळी आली तेव्हा मी लसीची मूठभर कार्डं आधीच काढून घेतली. सुटलेल्या मुलांची यादी गेल्यावर गुपचूप परत ठेवली.

देवी टोचणारे रामभाऊ सोनाळ्याला गेले. आयांनी पोरांच्या बाह्या वर करून व्रण दाखवले. "काऊन हो रामभाऊ, पोराच्या दंडाची चाळणी करता का?" ते अर्ध्या गावातूनच परतले. डॉक्टरांनी पाहिलं, तर त्या पोरांची लसीची कार्डं खोक्यात होतीच. त्यांनी यादी फाडली.

"म्या तं बराबर मांडले होते, बाई," शांता म्हणत राहिली. काम माझ्याकडे आलं. आनंद झाला का? हो, झाला.

पण त्या यादीतलं एक नाव खरं होतं. गावाच्या टोकाच्या घरातली मुलगी. तिचं लसीचं कार्ड मी काढलं नव्हतं — ते नव्हतंच. रामभाऊ तिथवर पोचले नव्हते. मी सांगितलं असतं, तर बाकीची नावं कुठून आली हेही सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले.

उन्हाळ्यात सोनाळ्यात देवी आल्या. मुलगी वाचली, डोळे गेले.

शांताला ते नाव आठवत होतं. "म्या नीट काम केलं असतं तं कोणी यादी फाडली नसती," असं म्हणत ती माझ्या खांद्यावर रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.