एका विषयाचे दोघे शेजारी नकोत

अमरावतीत विद्यापीठाजवळच्या एका मेसमध्ये मी रोज दुपारी जेवते. मेसवाल्या काकूंचा एकच नियम आहे: एका विषयाचे दोघे शेजारी बसायचे नाहीत. नव्या माणसाला त्या आधी विचारतात, "कायचं संशोधन करून राह्यले, बाप्पा?" नाव नंतर. मग कपाशीच्या किडीवाला इतिहासवाल्याशेजारी बसतो, गणितवाली कायदेवाल्याशेजारी. मी किराण्याचीही विभागवार यादी करणारी, त्यामुळे हा घोळ मला खटकायचा.

"काहून असं, काकू?"

"आपल्या आपल्यात बसले का नुसत्या गाइडले शिव्या देतात, बाई."

गेल्या महिन्यात अकोल्याची एक मुलगी भाकरी चिवडत बसली होती. खारपाणपट्ट्यातल्या जुन्या, गोड्या पाण्याच्या विहिरी शोधणं हा तिचा विषय. पण त्या बुजलेल्या, कोणालाच आठवत नव्हत्या. गाइडनं विषय सोडायला सांगितलं होतं. काकूंनी तिचं ताट उचलून जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या एका मास्तरांजवळ ठेवलं. "याईले सांग तुह्यं रडगाणं."

ऐकता ऐकता मास्तरांचा घास हातातच राहिला. बाया गोडं पाणी आणायला कुठं जायच्या, कोणत्या चिंचेखाली, हे त्यांच्या ओव्यांत गावोगावचं होतं.

परवा दोघं आले ते काळ्या मातीनं जड झालेल्या चपलांनी. पहिली विहीर सापडली होती. बोलता बोलता ते शेजारी बसले, तशा काकू वाढता वाढता ओरडल्या,

"उठा! आता तुमचा विषय एकच झाला."