पायाशी गप्पा

आमच्या शेजारच्या टेलरवहिनींना धीर हा प्रकार ठाऊक नाही. दार उघडेपर्यंत बेलवरचं बोट काढत नाहीत. ब्लाउजचं माप घेताना गिऱ्हाइकाने जरा मोठा श्वास घेतला तरी ओरडतात, "हलू नका हो!" त्यांचं मशीन ऐकून नवख्याला वाटावं, घरात मोटारसायकल सुरू राहिलीय.

अशा बाईची लेक चिमणी. नऊ वर्षांची. जन्मताना मेंदूला इजा झाली. मान, पाठ, बोलणं, काहीच तिच्या ताब्यात नाही. स्नायू मात्र इतके ताठ, की मांड्या कात्रीसारख्या एकमेकींत अडकतात. चड्डी घालायची तरी आधी त्या सोडवाव्या लागतात.

सुरुवातीला वहिनींनी स्वभावाप्रमाणे पाय ओढला. पायाने दुप्पट जोराने उलट ओढलं आणि पोर कळवळली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावलं, "ओढाल तर तो भांडेल. हात ठेवा, थांबा. सैल पडला की तेवढंच पुढे जा. हाडंही नाजूक आहेत तिची." तेव्हापासून हे वादळ रोज सकाळी गुडघ्यावर तळवा ठेवून बसतं.

परवा त्या दोघींना मी गाडीने इस्पितळात नेलं. मागच्या एक्स-रेत डाव्या खुब्याचा सांधा खोबणीतून सरकू लागलेला दिसला होता. आणखी सरकला असेल तर ऑपरेशन.

"बघाच भाऊजी, जागच्या जागी असेल. रोजचा व्यायाम काय फुकट जातो?"

एक्स-रेचं टेबल गार. चिमणीचे पाय लाकडासारखे झाले. फोटोला तर सरळ हवेत. "होऊ द्या सावकाश," फोटो काढणारा म्हणाला. वहिनींनी गुडघ्यावर हात ठेवला.

"काय गं टांगबाई, रुसलीस? अगं, समोरच्या मास्तरांनी पँट परत पाठवली. पोट सुटलं त्यांचं आणि चूक म्हणे माझ्या टेपची!"

मी दारातून बघत होतो. बराच वेळ काहीच घडलं नाही. मास्तर संपले, मास्तरीणबाई सुरू झाल्या. आणि मग, कुणी न ओढता, मांडी आपली आपण हळूच बाजूला आली. माझा हात टोपी काढायला डोक्याकडे गेला. टोपी मी घालत नाही.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. "बराच सरकलाय. ऑपरेशन करायला हवं. नाहीतर पुढे दुखेल तिला."

"पण मी रोज..."

"म्हणून तर ती इतकी सैल आहे, खुर्चीत नीट बसते. सांधा मात्र व्यायामाने थांबत नाही, ताई. तुमचं काही चुकलं नाही."

वहिनींच्या डोळ्यांतून धार लागलेली, ओठ थरथरताहेत, खांदे गदगदा हलताहेत. चिमणी मांडीवर, आणि त्यांचा तळवा तिच्या डाव्या गुडघ्यावर. मी त्या हाताकडे बघत राहिलो. ती थरथर खांद्यावरून कोपरापर्यंत उतरली होती; मनगटाच्या खाली तिला वहिनींनी येऊ दिलं नव्हतं. पाय तसाच सैल होता, आणि पोरगी डॉक्टरांच्या चष्म्याकडे बघून खुशाल हसत होती.

"कधी करायचं?" वहिनींनी विचारलं.