झोपून राहण्याचे पैसे

“मॅडम, दुपारपर्यंतसुद्धा पुरणार नाही,” म्हात्रे म्हणाला.

म्हात्रे आमचा कॅशियर. त्याने रोकडीचा ड्रॉवर उघडून मला दाखवला आणि मग काचेच्या दाराकडे बोट केलं. बायकांची रांग पायऱ्या उतरून, झेरॉक्सच्या दुकानावरून थेट रिक्षा स्टँडपर्यंत गेली होती. बँक उघडायला अजून वेळ होता. मी जेमतेम पर्स टेबलावर ठेवली होती.

आंबिवली स्टेशनजवळची आमची शाखा छोटी. मी तिथली मॅनेजर. रिटायरमेंट जवळ आलेल्या माणसाला शांत शाखा देतात म्हणे. मला ही दिली होती.

झालं होतं असं, की आदल्या दिवशी कुणाच्या तरी मोबाइलवर एक व्हिडिओ आला. त्यात तोंड न दाखवणारा एक गृहस्थ सांगत होता, योजनेचे पैसे शनिवारपर्यंत काढले नाहीत तर सरकार ते परत घेणार. सकाळपर्यंत तो व्हिडिओ मोहने, अटाळी, आंबिवली सगळीकडे फिरला. आज शुक्रवार.

हे योजनेचे पैसे म्हणजे सरकार दर महिन्याला बायकांच्या खात्यात जमा करतं ते. आमच्या भाषेत डीबीटी. मध्ये कुणी साहेब नाही, शिक्का मारणारा नाही, सही करायला ताटकळत ठेवणारा नाही. रक्कम थेट खात्यात. आणि एकदा जमा झाली की ती खातेदाराची. काढली नाही म्हणून परत जात नाही. हे मला माहीत होतं, म्हात्रेला माहीत होतं. रिक्षा स्टँडपर्यंत उभ्या असलेल्या एकीलाही माहीत नव्हतं.

लोकांना वाटतं बँकेत पैसेच पैसे असतात. तसं नसतं. शाखेत रोकड किती ठेवायची याला मर्यादा असते. जास्त झाली तर मोठ्या शाखेत पाठवायची, कमी पडली तर तिथून मागवायची. मी ठाण्याला रीजनल ऑफिसला फोन लावला. आमचे साहेब माझ्यापेक्षा वयाने बरेच लहान, पण बोलायला नम्र.

“आता व्हॅन कुठून देऊ मॅडम? सगळ्या ब्रँचची डिमांड आहे. तीननंतर बघतो.”

“तीनपर्यंत मी काय करू?”

“नोटीस लावा ना. अफवांवर विश्वास ठेवू नका म्हणून.”

मी नोटीस लावली. मोठ्या अक्षरात, मराठीत. रांगेतल्या पहिल्या बाईने ती मोठ्याने वाचली. तिच्या मागची म्हणाली, “म्हणजे काहीतरी आहे. नाहीतर कागद कशाला चिकटवतील?” हे वाक्य पाचेक मिनिटांत रिक्षा स्टँडला पोचलं आणि रांग आणखी वाढली. मी कपाळाला हात लावला. मग स्वतः बाहेर गेले, पायरीवर उभं राहून सगळं समजावलं. बायकांनी मान डोलावली. एक आजी म्हणाल्या, “तुमचं बरोबर आहे मॅडम. पण आज काढूनच घेते.” कुणीही जागचं हललं नाही.

व्यवहार सुरू झाले. तासाभराने एक बाई रांग सोडून माझ्या टेबलाशी आली. चाळिशीची, हडकुळी, एक हात पोटावर धरलेला. पासबुकावर नाव मंगल साबळे, राहणार मोहने. मी खुर्ची दाखवली तर म्हणाली, “नको, बसले की उठायला त्रास होतो.”

“बोला.”

“मॅडम, मला पैसे काढायचे नाहीयेत. पण परत जाणार असतील तर काढते. खरं काय ते सांगा.”

मी खरं सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचा चेहरा काही सैल होईना. पासबुक उघडून बघितलं तर योजना सुरू झाल्यापासून तिने एक पैसा काढला नव्हता. अशी खाती आमच्याकडे फार थोडी. पैसे आले की गॅस, शाळेची फी, दुकानदाराची उधारी, आणि खातं रिकामं. त्यात काही चूक नाही, पैसे त्यासाठीच असतात. म्हणून मी विचारलं, कशासाठी साठवताय?

तिने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. गर्भाशयात गाठी होत्या. दर महिन्याला अंगावरून इतकं जायचं की उभं राहवत नसे. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली होती आणि नंतर दीड महिना वाकायचं नाही, उचलायचं नाही, झोपून राहायचं. ती खडकपाड्याला चार घरची धुणीभांडी करायची. खोलीचं भाडं तिच्या पगारातून जायचं.

“ऑपरेशन फुकट आहे हो,” ती म्हणाली. “झोपून राहणं फुकट नाही.”

इतकी वर्षं मी लोकांना मेडिक्लेम विकला. हे वाक्य मला सुचलं नव्हतं.

“मग राहू द्या ना खात्यात. कुठे जात नाहीत.”

“तुम्ही म्हणता, पण कसंय मॅडम, खात्यात आहेत तोवर सरकारचे. हातात आले की माझे. आणि घरी नेले की सगळ्यांचे. नवरा वाईट नाही माझा. पण घरात पैसे दिसले की त्याला त्याच्या भावाचा टेम्पो आठवतो. टेम्पोचं काय ना काय निघतंच. म्हणून घरी सांगितलंय, माझे पैसे सुरूच नाही झाले, आधारचा लोचा आहे.”

तर हा घोळ होता. व्हिडिओ नुसतं निमित्त. खात्यात पडलेली रक्कम आपली झाली, हे या बायकांना पटतच नव्हतं. हाताला लागल्याशिवाय कसली आपली? आणि मी सकाळपासून पायरीवर उभी राहून नियम सांगत होते.

“एफडी करा,” मी म्हटलं. “मुदत ठेव. तुमच्या नावाची पावती मिळेल. ते पैसे मग तुमच्या सहीशिवाय कुणी हलवू शकत नाही. सरकार नाही, नवरा नाही, मीसुद्धा नाही. गरज लागली की मोडायची, थोडं व्याज कमी मिळेल.”

तिने विचार केला. “एकदा हातात द्याल?”

नियमाने याची काही गरज नव्हती. खात्यातून थेट ठेवीत टाकता येतात, दोन मिनिटांचं काम. पण तिच्याकडे बघून मी म्हात्रेला खूण केली. त्याने पैसे दिले. मंगलने ते मोजले, कपाळाला लावले, क्षणभर दोन्ही हातांत घट्ट धरले. मग तीन पावलं चालून शेजारच्या खिडकीत भरले. पावतीवर छापलेलं स्वतःचं नाव तिने बोटाने वाचलं.

हे सगळं रांगेने बघितलं. पुढची म्हणाली, “आमालापण तसंच करून द्या.”

मग सुरू झालं. ज्यांना घरात लागणार होते त्या पैसे घेऊन गेल्या. पण बऱ्याच जणींनी ते काढले, मोजले, हातात धरले आणि शेजारी भरले. एकीने तर काढल्यावर बाहेर जाऊन चहा प्यायला, मग भरले. काही वेळाने म्हात्रे हसायला लागला. “मॅडम, तेच पैसे फिरतायत. ही टिकली लावलेली नोट मी आज तिसऱ्यांदा देतोय.” व्हॅन आली तेव्हा ड्रॉवरमध्ये रोकड शिल्लक होती. रांग संपली होती. मी सकाळचा डबा तेव्हा उघडला आणि थंड पोळीसुद्धा मला गोड लागली.

ठाण्याहून फोन आला. “मॅडम, तुमच्या ब्रँचला काय चाललंय? सेम डे विड्रॉवल, सेम डे डिपॉझिट, इतक्या एन्ट्री? ऑडिटवाले विचारतील.”

“विचारू देत. त्यांना इथे पाठवा, रांगेत उभं करते.”

खरा घाम फुटला तो काही आठवड्यांनी. एक माणूस माझ्या टेबलाशी आला. नेटका, वॉचमनच्या युनिफॉर्ममध्ये. “मी दिलीप साबळे. बायकोचे योजनेचे पैसे अजून सुरू नाही झाले. चाळीत सगळ्यांचे आले. आधारचा लोचा आहे म्हणते ती. जरा बघता का?” आणि त्याने तिच्या आधारची झेरॉक्स पुढे केली.

खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायचा मला अधिकार नव्हता. एकाच्या खात्याची माहिती दुसऱ्याला द्यायची नाही, हा बँकेतला पहिला धडा.

“त्यांना घेऊन या. खातेदाराशिवाय काही सांगता येत नाही.”

“अहो, नवरा आहे मी.”

“असाल. पण खात्यावर नाव त्यांचं आहे.”

“मी काढायला आलोय का? नुसतं विचारतोय.”

“विचारलं तरी.”

तो थोडा तापला. “एवढं काय लपवण्यासारखं आहे?”

तेवढ्यात म्हात्रे काउंटरमागून म्हणाला, “दिलीपदादा, आधारच्या कामाला वेळ लागतो. माझ्या आईचं अजून चाललंय.” हे खोटं नव्हतं. म्हात्रेच्या आईचं खरंच चाललं होतं. दिलीपने मान हलवली, सरकारला एक शिवी घातली आणि गेला. जाताना झेरॉक्स टेबलावर विसरला. ती मी फाडून टाकली.

पुढच्याच महिन्यात मंगल एफडी मोडायला आली. ऑपरेशनची तारीख मिळाली होती. मी हळूच विचारलं, “घरी सांगितलं का?”

“ऑपरेशनचं सांगितलंय. पैशाचं ॲडमिट झाल्यावर सांगते. मी कॉटवर पडल्यावर टेम्पोचं नाव कोण काढेल?”

हिशोब चोख होता. पण ती गेल्यावर मला धास्ती वाटत राहिली. नवऱ्याला बाहेरून कळलं तर? ऑपरेशनला काही झालं तर? म्हात्रे मोहन्याचाच, त्याला म्हटलं, जाता येता बघत जा. तो एक दिवस येऊन म्हणाला, “खोलीला कुलूप आहे मॅडम. शेजारी पण कुणी नीट सांगत नाही.” नंतरही कुलूपच. मला नाही नाही ते वाटायला लागलं. एका खातेदाराची इतकी काळजी मी मोठ्या कर्जदारांचीसुद्धा केली नव्हती.

आणि मग एका सोमवारी दिलीप साबळे दारातून आत आला. तडक माझ्या टेबलाकडे. मी पेन खाली ठेवलं.

“मॅडम,” तो गंभीरपणे म्हणाला, “आधारचा लोचा सुटला.”

त्याच्या मागून मंगल आली. अंगावर थोडं मांस आलेलं, पोटावर हात नाही. तिने खुर्ची ओढली आणि न सांगता बसली. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. मी लगेच चहा मागवला.

ऑपरेशन नीट झालं होतं. दवाखान्यातून ती कोपरला बहिणीकडे गेली होती. घरी राहिली असती तर नळाला पाणी आल्यावर उठलीच असती, हे तिला माहीत होतं. दिलीप ड्युटी संपवून रोज तिकडेच जायचा, म्हणून खोलीला कुलूप. दीड महिना ती झोपून राहिली. भाडं वेळेवर गेलं. कुणापुढे हात पसरावा लागला नाही.

“मला आधी सांगितलं असतं तर मी नाही म्हणालो असतो का?” दिलीप मला साक्षीला धरत म्हणाला.

“हो,” मंगल म्हणाली.

त्याने बशीत चहा ओतला, फुंकर मारली. “म्हणालो असतो,” तो म्हणाला. “तेव्हा टेम्पोच्या इंजिनचं काम निघालेलं.”

जाताना तिने उरलेल्या पैशांची परत एफडी केली. या वेळी तिने पैसे हातात मागितले नाहीत. म्हणाली, “तिकडच्या तिकडे टाका, माझेच आहेत.”

यातून मी शिकले ते एवढंच, की लोकांना पैसे कशाला हवेत हे आपण ठरवून मोकळं होऊ नये, विचारावं. हा धडा बँकेच्या कुठल्या ट्रेनिंगमध्ये नव्हता आणि आता येईल असंही दिसत नाही. कारण नंतर ठाण्याचे साहेब फोनवर म्हणाले, “मॅडम, त्या दिवशीच्या एफडींवर एक सक्सेस स्टोरी पाठवा ना. हेड ऑफिसला हवीय. एखादी लाभार्थी महिला, फोटोसकट.”

“एक आहे.”

“व्हेरी गुड. काय केलं तिने पैशांचं? शिलाई मशीन? गिरणी?”

“झोपली.”

“म्हणजे?”

“दीड महिना झोपून राहिली, सर. ऑपरेशननंतर.”

“तसं नको मॅडम. काहीतरी प्रॉडक्टिव्ह बघा. बरं, फोटो तरी मिळेल का तिचा?”

“अवघड आहे,” मी म्हटलं. “ती कामावर गेली आहे.”