रडार चालू असेपर्यंत

उत्तमराव आदिलाबादला टायपिंग शिकवायचा. बसस्टँडजवळ चंपतरावांचा क्लास होता, तिथं. पंच्याण्णव साली क्लासात दोन कॉम्प्युटर आले, तेही आधी उत्तमरावच शिकला. कीबोर्डकडे न बघता चालणारी त्याची बोटं बघायला तामसीहून आलेले विद्यार्थी टेबलाभोवती उभे राहत.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत नेरडीगोंड्याहून परतताना त्याची मोटरसायकल हायवेवर घसरली. मार मानेला बसला. नागपूरच्या दवाखान्यात अडीच महिने काढून तो आदिलाबादजवळच्या मावला गावातल्या घरी आला तेव्हा दोन्ही पाय आणि उजवा हात लुळे पडले होते. डावा हात खांद्यापासून हलायचा, पण बोटं वळत नव्हती.

त्याची बायको प्रयागबाई घरामागच्या तुकड्यात मेथी, कोथिंबीर, वांगी लावायची आणि सकाळी जुड्या बांधून बाजारात न्यायची. आता त्याला कुशीवर वळवणं, पुसणं, भरवणं तिच्याकडे आलं. त्याबद्दल ती काही बोलायची नाही. पण त्या दिवाळीत त्यानं दातच मिटून घेतले. भाकरीचा कुस्करा ओठांवरून उशीवर सांडायचा.

"मले आता ठेवू नोको, प्रयाग," तो भिंतीकडे बघून म्हणाला.

तिसऱ्या दिवशी ती चंपतरावांकडे गेली. "भाऊ, त्यायचा जीव कशात होता, तुमाले माहीत असंन. मले तं सांगता येत नाई."

चंपतरावांनी कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरकडे बघितलं. मग म्हणाले, "क्लास सुटला की तो कॉम्प्युटरवर इमानाचा खेळ खेळे. लढाईचं इमान. मीच ओरडो त्याले, बिल वाढते म्हणून."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः ऑटोत कॉम्प्युटर घालून आले. पलंगाशी ट्रंकेवर तो मांडला. विमान वळवायची दांडी उत्तमरावच्या पंजाला सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधली. बाकी कळा दाबायला बोटं लागत होती. प्रयागबाई दुसरीपर्यंत शिकलेली, इंग्रजी अक्षरं तिला येत नव्हती. तिनं कपाळाच्या टिकल्यांचं पाकीट काढलं. रॉकेटच्या कळेवर लाल टिकली, बाकीच्यांवर हिरव्या, निळ्या.

दुपारी बाजारातून आली की ती त्याच्या शेजारी बसायची. वीज असली तर विमान उडायचं. हळूहळू तो चार घास खाऊ लागला, कारण त्याशिवाय हातात जोर राहत नव्हता.

मग ते एका मोहिमेशी येऊन अडकले. दरीतला पूल पाडायचा होता आणि अलीकडच्या टेकडीवर शत्रूचं रडार होतं. रडारला विमान दिसलं की खालून क्षेपणास्त्र यायचं. उत्तमरावच्या पंखाखाली रडार फोडायची दोन क्षेपणास्त्रं होती. रडारमधून निघणाऱ्या लहरींचा माग काढत ती जायची. तो सावधपणे ती दुरूनच सोडायला प्रयागबाईला सांगायचा. ते सुटलं की टेकडीवरचे लोक रडार बंद करायचे. मग लहरी नाहीत, माग नाही, क्षेपणास्त्र कुठल्यातरी शेतात पडायचं. जवळ गेलं की रडार पुन्हा चालू, विमान खलास आणि पडदा लाल.

असं तीसएक वेळा झालं. प्रत्येक वेळी तो तोंड भिंतीकडे करायचा. आषाढात त्यानं पुन्हा जेवण सोडलं.

दोन दिवस उपाशी पडून तो विचारच करत असावा. तिसऱ्या दुपारी म्हणाला, "ते आपल्यावर रॉकेट सोडते ना, तवा त्यायले रडार चालू ठेवाच लागते. बंद केलं तं त्यायचंच रॉकेट आंधळं होते. म्हणजे पयले त्यायले सोडू द्यायचं. मंग आपलं. आन् लगेच आडवं वळून खाली घुसायचं."

"म्हंजे आपल्यावर येऊ द्यायचं?"

"येऊ द्यायचं."

कॉम्प्युटर लावला. रडार शोधत असलं की टुक, टुक असा आवाज यायचा. विमान पकडलं की तो सलग व्हायचा, आणि क्षेपणास्त्र सुटलं की लाल दिवा लुकलुकायचा. दिव्यापर्यंत थांबायचं होतं. आवाज सलग झाला आणि प्रयागबाईनं टिकली दाबली. रडार बंद. वाया गेलं. दुसऱ्यांदा तेच. पाचव्यांदाही तेच.

"दिव्याच्या आधी काऊन दाबून राह्यली तू!" तो ओरडला. ओरडताना त्याला खोकला आला आणि थांबेना.

तिनं त्याला उचलून बसतं केलं, पाठ चोळली. मग एकदम तिचाच आवाज चढला. "मले भेव लागते! ते इमान पडलं की तुमी तोंड फिरवता. मंग जेवत नाई. मी काय करू? मले वाटते, याच वक्ती तुमी जाता. जाऊ नोका, थांबा."

उत्तमरावनं तोंड तिच्याकडे वळवलं. अपघातानंतर तिनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

"नाई फिरवत तोंड," तो म्हणाला. "पडलं तं पडलं. तू थांब फक्त."

सहाव्या वेळी आवाज सलग झाला. तिनं बोट टिकलीवर नुसतं टेकवून ठेवलं. "थांब," तो म्हणाला. "थांब... थांब..." दिवा पेटला. खालून पांढरी रेघ वर येताना दिसली. "आता!"

तिनं दाबलं. त्यानं दांडी पूर्ण आडवी पाडली, विमान दरीत कोसळल्यासारखं खाली गेलं. पांढरी रेघ वरून निघून गेली. टेकडीवर धूर उठला आणि आवाज थांबला. खोलीत पंख्याची घरघर तेवढी उरली.

पूल त्या दिवशी पडला नाही. वळसे घेण्यात तेल संपलं आणि विमान शेतात उतरलं, तेही मोडलं. पण उत्तमराव रडायला लागला. डोळे पुसायला त्याला हात नव्हता, तिनं पदरानं पुसले.

"मले असं जगाचं नाई, प्रयाग."

"माहीत हाय मले."

"पण आज मराचं नाई."

तिनं दुधात भाकरी कुस्करली. त्यानं अर्धी खाल्ली.

त्यानंतर तो चौदा महिने जगला. त्यातही उपाशी दिवस होतेच, भिंतीकडे तोंड करून पडलेलेही. पूल नव्व्याण्णवच्या होळीला एकदाच पडला, आणि त्या दिवशी प्रयागबाईनं बाजार बुडवला. पुढं पाठीला जखमा झाल्या, ताप उतरेना, आणि दसऱ्याच्या आधी तो गेला.

भेटायला आलेले लोक म्हणत होते, सुटला बिचारा. नणंद भागाबाईही तेच म्हणाली, तेव्हा मात्र प्रयागबाई बोलली.

"सुटाचं असतं तं मागंच सुटले असते ते. थांबले होते. मी सांगितलं म्हणून थांबले होते."