व्याह्यांच्या कॉफीसाठी तीन आठवडे

आमच्या घरात कॉफी म्हणजे जवळजवळ औषधच होतं. कुणाचं डोकं दुखलं, कुणाला कसर आली, की चमचाभर इन्स्टंट कॉफी गरम दुधात ढवळायची, वर जायफळ किसायचं, झालं. एक बाटली वर्षभर पुरायची आणि शेवटी तळाशी तिचा दगड व्हायचा. चहा मात्र दिवसातून पाच वेळा. त्यामुळे मुलीने बंगळूरहून फोन केला आणि म्हणाली, "आई, त्याचे आईबाबा शिर्डीला दर्शनाला येतायत. तिथून आपल्याकडे श्रीरामपूरला येतील, लग्नाची बोलणी करायला," तेव्हा मला काळजी वाटली ती स्वयंपाकाची.

"पुरणपोळी करू ना?" मी विचारलं.

"कर. पण आई, ते म्हैसूरचे आहेत. जेवण काहीही चालेल त्यांना. कॉफी तेवढी नीट हवी. जायफळ नको घालूस, प्लीज."

मी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मुलगी मला "प्लीज" म्हणते तेव्हा प्रकरण गंभीर असतं, हे मला कळतं.

चार दिवसांनी खोकं आलं. आम्हाला नेमकं काय जमेल याचा तिला भरवसा नव्हता, म्हणून तिने कॉफी करायच्या तीन वस्तू एकदम पाठवल्या होत्या. एक स्टीलचा दुमजली डबा, वरच्या मजल्याच्या तळाला बारीक भोकं. तो फिल्टर. दुसरं काचेचं उंच भांडं, त्यात वरून दाबायचा दट्ट्या. आणि तिसरी अ‍ॅल्युमिनियमची आठकोनी किटली. तिच्या खालच्या भागात पाणी, मधल्या चाळणीत पावडर, वरच्या भागात तयार कॉफी. सोबत कॉफी पावडरीची दोन पाकिटं आणि एक पाकीट अख्ख्या बियांचं.

ती किटली आमच्या ह्यांनी हातात घेतली, उलटी केली, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की आमच्या लग्नाच्या फोटोतही मला तो तसा सापडत नाही.

"अगं, याला सेफ्टी व्हॉल्व्ह आहे!"

हे साखर कारखान्यात बॉयलरवर होते. निवृत्त झाल्यापासून घरात वाफेवर चालणारी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे कुकर, आणि त्याला मी त्यांना हात लावू देत नव्हते. आता हा छोटा बॉयलर खास त्यांच्यासाठीच आल्यासारखा झाला. त्यांनी चष्मा लावला, एक जुनी वही काढली आणि वर लिहिलं, "ट्रायल रन." पाहुणे यायला तीन आठवडे होते.

पहिली चाचणी फिल्टरची. मुलीने फोनवर सांगितलं होतं, वरच्या डब्यात पावडर घालायची, जराशी दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि वाट पाहायची. कॉफीचा अर्क थेंब थेंब खाली पडतो, तो दुधात घालायचा. आम्ही तसंच केलं. पावडर वाटीच्या बुडाने चांगली ठोकून बसवली. अर्ध्या तासाने खालचा डबा उघडला, तर कोरडा ठणठणीत. तासाभराने पाहिलं, तरी एक थेंब नाही.

"चोकअप," हे म्हणाले. त्यांनी स्टोव्हची पिन शोधून काढली आणि एकेक भोक खालून टोचायला घेतलं. पाणी काही उतरेना. मग त्यांना एक युक्ती सुचली. पावडर काढून टाकली आणि घरातली इन्स्टंट कॉफी त्यात घातली. पाणी ओतताच सगळंच्या सगळं दोन सेकंदांत खाली.

"निघाला चोकअप!" हे ओरडले.

"अहो, ती विरघळणारी कॉफी आहे. ती चाळणीतूनच काय, कशातूनही जाईल."

मग वहीत त्यांनी लिहिलं, "फ्लो ओके. पावडरीत दोष."

पावडरीत दोष म्हटल्यावर अख्ख्या बिया उघडणं आलं. त्या मी मिक्सरमध्ये फिरवल्या. मिक्सरचं छोटं भांडं मी स्वच्छ धुतलं होतं, अगदी शप्पथ. पण त्या भांड्यात गेली अकरा वर्षं लसणाची चटणी होत आलेली. त्या दिवशीची कॉफी आम्ही दोघांनी एकेक घोट घेतली आणि एकमेकांकडे बघत राहिलो.

"भाकरीबरोबर चालेल," हे म्हणाले.

दुसरी चाचणी काचेच्या भांड्याची. हे सगळ्यात सोपं वाटत होतं. गरम पाण्यात पावडर टाका, चार मिनिटं थांबा, दट्ट्या खाली दाबा, गाळ तळाशी राहतो. पण मिक्सरमधली पावडर मी जरा जास्तच बारीक केली होती, अगदी हळदीसारखी. तिने दट्ट्याची जाळी बुजवून टाकली. दट्ट्या अर्ध्यावर अडकला.

"थांबा, मुलीला विचारू," मी म्हणाले.

"विचारायचं काय त्यात? प्रेशर कमी पडतंय." ह्यांनी दोन्ही तळवे दट्ट्यावर ठेवले आणि अंगाचं वजन टाकलं.

कॉफी बाजूने वर आली. बाजूने म्हणजे सगळ्या बाजूंनी. ह्यांचा बनियन, ओटा, फ्रिजचं दार, भिंतीवरचं कॅलेंडर. सुदैवाने पाणी तोवर बरंच निवलं होतं, भाजलं कुणाला नाही. पण कॅलेंडरवर जो शिंतोडा उडाला तो बरोबर एकादशीच्या चौकोनात, आणि त्याचा थेंब ओघळून दुसऱ्या दिवसाच्या चौकोनात गेला, एकादशी नेमकी कुठल्या तारखेला ते वाचता येईना. मी त्या महिन्यात द्वादशीला उपवास केला. संध्याकाळी शेजारणीने सांगितल्यावर कळलं. तोवर साबुदाणा खाऊन झाला होता, आणि आदल्या दिवशी तर मी कांदा-लसूण घालून पिठलं खाल्लं होतं.

आता राहिली किटली. तिच्यासाठी ह्यांनी मदतीला माणूस बोलावला. ह्यांच्याबरोबर कारखान्यात फिटर होते ते, आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. मी त्यांना भाऊजी म्हणते. भाऊजी पाना, पक्कड आणि ग्रीसचा डबा घेऊन आले. ग्रीस मी दारातच ठेवून घेतलं.

दोघांनी किटली वर्तमानपत्रावर सुटी करून मांडली. तासभर चर्चा झाली. वाफेचा दाब, नळीची लांबी, रबरी रिंग. मग पावडर भरली, किटली घट्ट आवळली, गॅसवर ठेवली. दोघे दोन पावलं मागे सरकून उभे राहिले, कारखान्यात सीझन सुरू होताना उभे राहत असतील तसे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वास यायला लागला, पण तो कॉफीचा नव्हता.

"पाणी किती घातलंत?" मी विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"मला वाटलं तुमी घातलं," भाऊजी म्हणाले.

"मला वाटलं तू घातलंस," हे म्हणाले.

पस्तीस वर्षं कारखान्यात काढलेली ही दोन माणसं. रबरी रिंग जळून किटलीला चिकटली होती. ह्यांना इतकी लाज वाटली, की ते परसात जाऊन उगाच पेरूच्या झाडाला पाणी घालत बसले.

भाऊजी मात्र डगमगले नाहीत. "वहिनी, काळजी करू नका. रिंग काय, आत्ता बनवतो. लई सोपी भानगड हाय." ते घरी गेले आणि ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबमधून एक रिंग कापून घेऊन आले. इतकी सुबक, की मी कौतुकच केलं. ती बसली चपखल. पाणी घातलं, तिघांनी बघून खात्री केली. किटली खळखळली, आणि वरच्या भागात काळीशार कॉफी अगदी दिमाखात चढली. आम्ही टाळ्या वाजवल्या.

भाऊजींनी घोट घेतला. "चव बरी हाय," ते म्हणाले, "पन पंक्चरच्या दुकानात बसून पिल्यावानी वाटतंय."

मुलीने त्यावर दुसरी, खाण्याच्या कामाची रिंग पाठवली आणि रोज व्हिडिओ कॉल करायला लागली. अशाच एका कॉलमध्ये मी मोबाईल घेऊन देवघरासमोरून जात होते. ती एकदम ओरडली, "आई, थांब. मागे जा. अगरबत्ती कशात लावलीयेस?"

मी दाखवलं. खोक्यात एक स्टीलची चकती निघाली होती, तिला भोकं आणि मधोमध दांडी. मला वाटलं, पोरीने आठवणीने अगरबत्तीचं घर पाठवलं. वाटीवर ठेवलं की भोकांत अगरबत्त्या सुरेख उभ्या राहत. मी त्याबद्दल तिला मनोमन आशीर्वादही दिले होते.

"आई, ती फिल्टरची छत्री आहे! पावडरीवर ठेवायची असते ती. पावडर ठोकायची नसते, ही नुसती हलकेच टेकवायची. वाटीने ठोकलीत म्हणून पाणी उतरत नाहीये."

ह्यांनी वहीतलं "पावडरीत दोष" खोडलं आणि खाली लिहिलं, "पार्ट चुकीच्या विभागात." छत्री मी तीनदा घासली, तरी पहिल्या कॉफीला किंचित मोगऱ्याचा वास आलाच. पण अर्क उतरला. काळा, दाट, थेंब थेंब. तो आवाज ऐकायला आम्ही दोघं स्वयंपाकघरात कान लावून उभे होतो.

एवढं झाल्यावर मी म्हणाले, "आता बास. फिल्टर जमला, किटली बांधून ठेवा." तर हे ऐकेनात. किटलीतून बाजूने वाफ गळत होती, ती का गळते हे शोधल्याशिवाय त्यांना चैन नव्हतं. मी चिडले. तेव्हा ते हातातलं फडकं खाली ठेवून म्हणाले, "अगं, आपण त्यांना दुसरं दाखवणार काय? आपल्याला त्यांची भाषा येत नाही, त्यांना आपली. माझं हिंदी तुला माहीत आहे. पोरगी जाणार एवढ्या लांब. निदान कॉफी तरी बरी झाली पाहिजे ना."

मी फडकं उचलून त्यांच्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी गळती सापडली, रिंगच्या कडेला पावडरीचे चार कण अडकत होते. कड बोटाने पुसून घेतली की थांबली. इतकंच.

पाहुणे यायच्या दिवशी मी ह्यांना स्वयंपाकघराची बंदी केली. मुलगी आणि जावई होऊ घातलेला मुलगा त्यांना घेऊन शिर्डीहून अकराला पोचणार होते. मी नऊला अर्क लावला. पण दर्शनाची रांग लांबली, आणि गाडी दारात आली ती अडीचला. ह्यांना वाटलं, अर्क शिळा झाला. मी कपडे बदलायला गेले तेवढ्यात त्यांनी किटली गॅसवर चढवली आणि निघालेली कॉफी गुपचूप माझ्या अर्काच्या भांड्यात ओतली. मी परत आले, भांडं पाहिलं, मला अर्क जरा पातळ वाटला. म्हणून मी मुलीने आणलेली ताजी पावडर घालून आणखी एक फिल्टर उतरवला आणि तोही त्यातच मिसळला.

जेवणं झाली. कॉफी आली. आम्ही दोघं श्वास रोखून बसलो.

विहीणबाईंनी घोट घेतला. डोळे मोठे केले. "स्ट्राँग है," म्हणाल्या. व्याह्यांनी पेला रिकामा केला आणि पुढे केला. "और थोड़ा."

मुलाने आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, की वडील फारसे बोलत नाहीत, वाईट वाटून घेऊ नका. ते गृहस्थ दुसऱ्या पेल्यानंतर जे बोलायला लागले ते दोन तास थांबले नाहीत. ते पाणीपुरवठा खात्यात होते. पंप, व्हॉल्व्ह, पाइप, कुठला कधी फुटला आणि का फुटला. थोडं हिंदी, थोडं इंग्रजी, उरलेलं कानडी. आमचे हे मराठीत उत्तर देत होते. मध्येच भाऊजी डोकावले, त्यांनाही बसवून घेतलं. तिघांनी ताटलीवर शेवेने पाइपलाइन मांडली. मुलगा आपल्या वडलांकडे असा बघत होता, जणू कुणी अनोळखी माणूस गाडीतून उतरलाय.

विहीणबाई तर एका जागी बसेनातच. त्यांनी माझ्याबरोबर गच्ची पाहिली, परस पाहिलं, पेरू तोडले. मग मी "राहू दे, राहू दे" म्हणत असताना दोरीवरचे आमचे सगळे कपडे काढून घड्या घातल्या. ह्यांचा तो कॉफीचे डाग पडलेला बनियनही. डागाकडे त्यांनी बोट दाखवलं. मी हातवाऱ्यांनी दट्ट्या, दाब आणि फवारा सांगितला. त्या गच्चीच्या कठड्याला धरून इतक्या हसल्या, की खालून मुलगी घाबरून वर आली.

लग्नाची बोलणी शेवटच्या दहा मिनिटांत उरकली, गाडीवाला हॉर्न वाजवत असताना, अंगणात उभ्या उभ्या. कुणाला काही मागायचं नव्हतं. लग्न म्हैसूरला, इकडे एक जेवण, ठरलं. माझा निरोप घेताना विहीणबाईंनी हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "कॉफी अच्छा था। लेकिन अगली बार आधा डालना।"

लग्न थंडीत झालं. आम्ही इथून तीस-पस्तीस माणसं गेलो होतो. विधी सुरू झाले, भटजींनी मुलीच्या वडलांना बोलावलं, आणि हे कुठेच नाहीत. मी पदर खोचून शोधायला निघाले. कार्यालयाच्या मागे भटारखान्यात माणूसभर उंचीचा एक पितळी फिल्टर होता, आणि त्याच्यासमोर रेशमी कद नेसून आमचे हे आणि व्याही दोघे गुडघ्यांवर बसले होते. तोटीतून अर्क येत नव्हता. आचारी डोक्याला हात लावून उभा होता.

"अहो, कन्यादान!" मी म्हणाले.

"एक मिनिट," हे म्हणाले. "छत्री तिरकी बसलीये."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहून एक बोट वर केलं, म्हणजे एकच मिनिट. त्याला चार मिनिटं लागली. मग दोघे हात पुसत, कदांवर तपकिरी ठिपके घेऊन, मांडवात येऊन बसले. भटजींनी ठिपक्यांकडे पाहिलं आणि मंत्र म्हणायला सुरुवात केली.