जू, नोग आणि सिद्रामअण्णा

मी फोन लावला होता तो सिद्रामअण्णांना आनंदाची बातमी द्यायला. इतकी उतावीळ झाले होते, की तिकडून कोण बोलतंय हेही न बघता ओरडले, "अण्णा, तुमचं खरं निघायलंय बघा!" फोन गंगाअक्कांनी, त्यांच्या बायकोनं, उचलला होता. म्हणाल्या, "बाई, ते पहाटं गेले." पाच आठवडे झाले त्याला.

अण्णा आळंदचे सुतार. निम्मं आयुष्य औतं, तिफणी आणि बैलांच्या मानेवरची जुवं करण्यात गेलं. ट्रॅक्टर आले तसे ते बिदरला आले, तिथल्याच कोळार औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लाकडी खोकी ठोकायला लागले आणि गावाच्या नौबाद भागात आमचे शेजारी झाले. मी कॉलेजात मराठी शिकवते. एकदा सहज बोलून गेले, की तुमचं जू, संस्कृतातलं युग, इंग्रजांचं योक, सगळ्यांच्या मुळाशी हजारो वर्षांपूर्वीचा एकच शब्द आहे, 'युगोम'. तो कुठं लिहिलेला नाही. नातवंडांची नाकं बघून पणजीचं नाक सांगावं, तसा अभ्यासकांनी हुडकलाय. अण्णा ताडकन उठले. "म्हंजे मी करायचो ते जू इंग्रजाच्या आज्यालाबी ठावं होतं म्हना की!" त्या दिवसापासून माझी सुटका नाही. फाटकातूनच आरोळी, "बाई, योग त्यातलाच का? आन् संयोग?" त्यातलाच अण्णा, त्यातलाच! दोघंही पोरासोरांसारखे खूश.

सुतारकामात त्यांची एक रीत होती. सांधा पक्का करण्याआधी दोन्ही लाकडं कोरडीच एकमेकांत बसवायची आणि चार दिवस तशीच राहू द्यायची. शब्दांचंही तेच. मराठी शब्द मिळाला, की शेजारी कन्नड ठेवून बघणार. त्यांच्याकडे दोन्ही भाषा घरातल्याच, अक्कांचं माहेर तर पक्कं कन्नड. एक दिवस अण्णा धापा टाकत आले. "बाई, हिच्या माहेरी जुवाला नोग म्हंतेत. जू आन् नोग! सांधा बसायलाय बगा!"

मी शिकलेली ना! फाडकन म्हणाले, "न्हाई अण्णा. कन्नडचं कूळच वेगळं. उगं ओढूनताणून जुळवू नका."

"कामून न्हाई?"

"पुस्तकात तसं नाही."

त्यांचा चेहरा पडला... "तिचीबी भाषा त्यात यावी वाटायलं होतं," इतकंच बोलले. चाळीस वर्षांचा संसार त्यांचा, आणि मी एका वाक्यात त्यांच्या बायकोला परक्या कुळात काढून मोकळी झाले. अजून स्वतःचा राग येतो.

मग मीच इरेला पेटले. महिनाभर पुस्तकं उपसली, आणि शेवटी परगावच्या एका ग्रंथालयात सापडलं! नोग द्रविड कुळातलाच, असं बरेच जण मानतात. पण त्याचा आणि युगाचा फार जुना संबंध असावा, असा संशय काही जाणत्यांनाही आलाय. पक्कं कुणालाच ठरवता आलेलं नाही. म्हणजे अण्णांना दिसलं ते थोरामोठ्यांनाही दिसलं होतं! पुस्तक मिटायच्या आधी मी तिथूनच फोन लावला होता.

परवा धीर करून अक्कांकडे गेले. कबूल केलं, की अण्णांना मी तोंडावर नाही म्हणाले होते. अक्का गोंधळल्या. "न्हाई कवा म्हनलात? त्यांनी तर घरी येऊन सांगितलं, बाई शोधायल्यात, तुज्या माहेरचा शब्द हाय, येळ लागंल. मीच इचारायची रोज, बाईला घावला का म्हून."

मला रडूच फुटलं. अक्कांनी पाणी दिलं आणि समोर मांडी घालून बसल्या.

"मग? घावला का?"

आणि मी पदरानं डोळे पुसून, पहिल्यांदाच माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये, हातवारे करत, अगदी सुरुवातीपासून सांगायला लागले.